आयफोन १७ प्रो की गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा: इंदूरच्या वापरात पहिल्या पंधरवड्यात काय कळतं

सव्वा लाखाच्या पुढचा फोन घ्यायचा ठरला की दुकानात दोन प्रश्न हमखास विचारले जातात: कॅमेरा कोणाचा चांगला आणि प्रोसेसर कोणाचा वेगवान. या दोन फोनांच्या बाबतीत तरी हे प्रश्न मागे ठेवलेले बरे. आयफोनमधला ए१९ प्रो असो वा गॅलेक्सीतला स्नॅपड्रॅगन ८ एलिट, व्हॉट्सॲप, बँकेची ॲपं, नकाशे आणि मुलांचे गेम यांना दोन्ही पुरून उरतात. खरा फरक फोन घरी आणल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत जाणवतो. जुनं व्हॉट्सॲप नव्या फोनवर येतं का, दुसरं सिम बसतं का, मे महिन्याच्या दुपारी स्क्रीन दिसते का, तोंडाला ओढणी बांधलेली असताना फोन उघडतो का, या गोष्टी जाहिरातीत नसतात आणि पैसे मोजल्यावरच समोर येतात.

गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा जानेवारी २०२५ मध्ये आला, २५६ जीबीची किंमत १,२९,९९९ रुपये होती. आयफोन १७ प्रो सप्टेंबर २०२५ मध्ये आला, तेवढ्याच जागेसाठी १,३४,९०० रुपये. या आल्या वेळच्या किमती. अल्ट्राचा भाव महिन्यागणिक उतरत जातो, आयफोनचा फारसा हलत नाही. म्हणून अल्ट्रा घेणाऱ्याला थांबण्यात फायदा आहे. आयफोन घेणाऱ्याला वाट पाहून फार काही मिळत नाही, पण दोन-तीन वर्षांनी विकायला काढला तर त्यालाच जास्त पैसे परत मिळतात.

हातात धरल्यावर

वजनाचे आकडे जवळजवळ सारखे आहेत, २०६ ग्रॅम आणि २१८ ग्रॅम. हाताला मात्र हे दोन वेगळ्या जातीचे फोन वाटतात. आयफोनची रुंदी ७१.९ मिमी, अल्ट्राची ७७.६ मिमी. स्क्रीन ६.३ इंच आणि ६.९ इंच. अल्ट्रावर एका हाताने, अंगठ्याने वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचता येत नाही, त्यामुळे भाजीच्या पिशव्या एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात असं ज्यांचं रोजचं असतं त्यांना तो जड जातो. उलट ज्यांना चष्म्याशिवाय वाचायचं असतं, अक्षर मोठं ठेवायचं असतं, एक्सेलचा तक्ता किंवा पीडीएफवर सही करायची असते, त्यांच्यासाठी अल्ट्राची स्क्रीन आणि त्याच्या पोटात बसणारा एस पेन या कारणावरच निर्णय होऊ शकतो. या पेनातून ब्लूटूथ काढून टाकलं आहे, त्यामुळे जुन्या अल्ट्रासारखं पेनाचं बटण दाबून लांबून फोटो काढता येत नाही. लिहिणं आणि सही करणं व्यवस्थित होतं.

सिम: सगळ्यात आधी हे बघा

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत एका माणसाचे दोन नंबर असतात. एक इथला, दुसरा पुण्या-मुंबईत शिकताना किंवा नोकरीत घेतलेला, आणि बँका त्या दुसऱ्याशी जोडलेल्या. अल्ट्रामध्ये दोन साधी सिमकार्डं बसतात. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ प्रोमध्ये एकच कार्ड बसतं, दुसरा नंबर ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनच्या आतच चालणारं सिम, करावा लागतो.

ई-सिम करणं अवघड नाही. अडचण वेळेची आहे. सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी त्या नंबरवरचे एसएमएस २४ तास बंद ठेवण्याचा नियम आहे आणि ई-सिमवर जातानाही त्याचा फटका बसू शकतो. फोन पे, गुगल पे, बँकेचं ॲप हे सगळं नव्या फोनवर सुरू करायला त्याच नंबरवरून एसएमएस जावा लागतो. म्हणजे त्या दिवशी यूपीआय ठप्प. त्यातून काही बँका नव्या फोनवर नोंदणी झाल्यावर सुरुवातीला ५,००० रुपयांची मर्यादा लावतात: अँड्रॉइडवर २४ तास, आयफोनवर ७२ तास. लग्नाची खरेदी किंवा धनत्रयोदशी तोंडावर असताना फोन आणि सिम दोन्ही एकदम बदलू नयेत ते यासाठी.

सोपा क्रम असा. बँकांशी जोडलेलं सिम कार्डच राहू द्या आणि ते जुन्या फोनमधून काढून नव्यात घाला, कार्ड तेच असल्याने एसएमएस बंद होत नाहीत. ई-सिम दुसऱ्या, कमी वापरातल्या नंबरचं करा. आयफोनवर पडताळणीचा एसएमएस आपोआप जात नाही, संदेशाची खिडकी उघडते आणि पाठवण्याचा बाण आपल्याला दाबावा लागतो. ज्येष्ठ मंडळी इथेच अडकतात आणि ॲप चालत नाही असं समजून बसतात. प्रीपेड असेल तर एसएमएसपुरती शिल्लक आहे ना तेही पाहून घ्या.

परदेशातून कोणी आणून देणार असेल तर आणखी एक गोष्ट. अमेरिका, कॅनडा, जपान आणि दुबईसह बऱ्याच आखाती देशांत विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ प्रोला सिमचा कप्पाच नसतो. मावशीच्या मुलाने दुबईहून आणलेल्या फोनमध्ये कार्ड घालायला जागा सापडत नाही तेव्हा फोन सदोष नसतो, तो त्या देशाचा नमुना असतो. दोन्ही नंबर ई-सिम करायची तयारी असेल तरच तो घ्या.

जुन्या फोनमधलं सामान

अँड्रॉइडवरून अल्ट्रावर येणाऱ्याला फार विचार करायला नको. स्मार्ट स्विच आणि गुगलचा बॅकअप मिळून काम होतं. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्याला मात्र व्हॉट्सॲपसाठी अधिकृत मार्ग एकच आहे आणि तो नवा आयफोन सुरू करतानाच हातात असतो. गुगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोन वाचू शकत नाही.

जुन्या फोनवर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप टाका, व्हॉट्सॲप अद्ययावत करा, दोन्ही फोन चार्जिंगला लावा. नव्या आयफोनवर अँड्रॉइडमधून माहिती आणण्याचा पर्याय निवडला की एक आकडा दिसतो, तो जुन्या फोनवर टाका. पुढे जी यादी येते तिच्यात व्हॉट्सॲप निवडायला विसरू नका. त्यानंतर आयफोनवर व्हॉट्सॲप त्याच नंबरने उघडायचं. कॉलची यादी येत नाही, गप्पा आणि फोटो येतात. दुकानदाराने मदत म्हणून फोन आधीच सुरू करून, ॲपल आयडी घालून दिला तर ही संधी जाते आणि फोन पूर्ण पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून दुकानात खोका उघडून फोन तपासा, पण ‘हॅलो’ या पहिल्या पडद्याच्या पुढची मांडणी घरी, वायफायवर करा. साठ-सत्तर जीबीचं व्हॉट्सॲप असेल तर रात्रभराची तयारी ठेवा आणि मध्येच जुन्या फोनवर कॉल घेऊ नका.

आयफोनवरून अल्ट्रावर जाताना तारेने दोन्ही फोन जोडावे लागतात. मांडणीच्या वेळी अल्ट्राच्या स्क्रीनवर क्यूआर येतो, तो आयफोनच्या कॅमेऱ्याने टिपला की व्हॉट्सॲप आपणहून निर्यात सुरू करतं. हेही पहिल्या मांडणीतच उरकलेलं बरं.

पहिले दोन-तीन दिवस दोन्ही फोन गरम लागतात आणि बॅटरी लवकर उतरते. आत फोटोंची चेहऱ्यांनुसार वर्गवारी चाललेली असते, ॲपं उतरत असतात. तेवढ्यावरून बॅटरीबद्दल मत बनवू नये. चित्रफीत पाहण्याचा दोन्ही कंपन्यांचा दावा ३१ तासांचा आहे आणि साधारण वापरात दोन्ही फोन रात्रीपर्यंत टिकतात.

ऊन

इंदूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. दोन्ही कंपन्या आपल्या फोनसाठी सभोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगतात. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी बाहेर असताना दोन्ही फोन आपापल्या मर्यादेपलीकडे वापरले जात असतात. फोन बिघडत नाही, तो स्वतःला सांभाळतो: स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करतो.

कागदावर आयफोनचा उजेड जास्त आहे, उन्हात ३,००० निट्सपर्यंत (निट्स हे उजेडाचं माप). अल्ट्राचा २,६००. तरी उघड्या उन्हात अल्ट्रा वाचायला सोपा वाटतो, कारण त्याच्या काचेवर, गोरिला आर्मर २ वर, समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब फार कमी पडतं. आयफोनच्या नव्या काचेवरही चकाकी कमी करणारा थर आहे, पण या एका बाबतीत अल्ट्रा पुढे आहे आणि दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली दोन्ही फोन शेजारी धरले तर ते तिथल्या तिथे दिसतं. अल्ट्रात ट्यूबलाइटची रेघ फिकट जांभळट होऊन विरते, आयफोनमध्ये ती रेघ म्हणून दिसत राहते.

आणि इथेच बहुतेक जण हा फायदा हातचा घालवतात. फोन घेतल्या घेतल्या जेल रोडवरच्या मोबाइलच्या दुकानात साधी टेम्पर्ड ग्लास चिकटवली की वरची काच चकाकते आणि खालचा थर निरुपयोगी होतो. ग्लास लावायचीच असेल तर चकाकीरोधक लेप असलेली घ्या, किंवा अल्ट्रा तसाच वापरा. यूव्ही दिव्याने सुकवायच्या गोंदाची ग्लास टाळा. तो गोंद कडेने वाहून कानाजवळच्या स्पीकरच्या फटीत आणि बटणांत शिरतो, मग आवाज दबतो. कोणतीही ग्लास लावल्यावर अल्ट्रामध्ये बोटांचे ठसे पुसून पुन्हा नोंदवा, जुने ठसे जाड काचेतून नीट जुळत नाहीत.

उष्णता बाहेर टाकण्यात १७ प्रोने मोठी सुधारणा केली आहे. टायटेनियमऐवजी ॲल्युमिनियमचं एकसंध अंग आणि आत व्हेपर चेंबर, म्हणजे उष्णता पसरवणारी धातूची चपटी, बंद पोकळी. ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतं, त्यामुळे अंग हाताला कोमट लागतं आणि आतला भाग थंड राहतो. अल्ट्रातही मोठा व्हेपर चेंबर आहे, चौकट मात्र टायटेनियमची. मोठा गेम किंवा लांबलचक ४के चित्रीकरण दोन्ही झेपवतात. मात्र ॲल्युमिनियमचा रंग वरच्या थरात असतो आणि कॅमेऱ्याच्या उंचवट्याच्या धारदार कडेवर किल्ल्या-नाण्यांनी त्याचे टवके उडतात. गडद निळ्या रंगात ते चटकन दिसतं, चंदेरीत लपतं. कॅमेऱ्याभोवती उंच कड असलेलं कव्हर पहिल्याच दिवशी घाला.

दोन्ही फोनचा खरा छळ होतो तो गाडीत. उज्जैनला जाताना डॅशबोर्डवर, काचेतून येणाऱ्या उन्हात, नकाशा चालू आणि खाली वायरलेस चार्जिंग. वायरलेसमध्ये ऊर्जेचा बराच भाग उष्णता होऊन जातो, त्यात ऊन मिळालं की अर्ध्या तासात चार्जिंग थांबल्याचा संदेश येतो. होल्डर एसीच्या झडपेसमोर लावा आणि तार वापरा, म्हणजे त्याच रस्त्यावर फोन निवांत राहतो.

चेहरा की बोट

आयफोनला बोटाचा सेन्सर नाही, फक्त चेहरा. मास्क लावून चेहरा ओळखण्याची सोय आहे, पण तिला डोळ्यांभोवतीचा भाग दिसावा लागतो आणि काळा चष्मा त्यात चालत नाही. उन्हाळ्यात दुचाकीवर ओढणी आणि गॉगल लावून फिरणाऱ्या इंदूरच्या बायका-मुलींना त्यामुळे सिग्नलवर दर वेळी आकडे टाकावे लागतात. अल्ट्राचा सेन्सर स्क्रीनखाली आहे, ध्वनिलहरींवर चालतो, घामट बोटालाही बहुधा ओळखतो. ऊन लागू नये म्हणून हातमोजे घातले तर मात्र तोही हात टेकतो. घरात, ऑफिसात, रात्री अंधारात चेहऱ्याची सोय जास्त सहज आहे. दिवसाचे किती तास स्कूटरवर जातात त्यावर हे ठरवावं.

कॅमेरा

दिवसाउजेडी दोघांचे फोटो इतके जवळचे आहेत की रंगाची आवड सोडली तर निवडायला काही उरत नाही. फरक लांबच्या आणि रात्रीच्या फोटोंत आहे.

अल्ट्रामध्ये ३ पट आणि ५ पट अशी दोन दूरची भिंगं आहेत, पहिलं १० मेगापिक्सेल, दुसरं ५०. आयफोनमध्ये ४ पटीचं एकच, ४८ मेगापिक्सेलचं, ज्याच्या मधल्या भागातून ८ पट मिळतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात दहाव्या रांगेतून आपल्या मुलीचा चेहरा टिपायचा तर ४ ते ८ पटीच्या टप्प्यात आयफोन जास्त भरवशाचा आहे, कारण हलणारा माणूस तो कमी पुसट करतो. त्याहून लांब, म्हणजे १० पटीच्या पुढे, अल्ट्रा सरस.

अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात तेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांची कसोटी लागते. काळोख, हलते देखावे आणि हजारो एलईडी. आयफोनच्या फोटोत तेजस्वी दिव्यांची हिरवट ठिपक्यांसारखी प्रतिबिंबं उमटतात. दिवा चौकटीच्या अगदी मधोमध किंवा अगदी बाहेर ठेवला तर ती कमी होतात. दोन्ही फोनच्या चित्रीकरणात दिव्यांवर आडव्या काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि फोन मुळात सेकंदाला ३० किंवा ६० चौकटी (फ्रेम) टिपतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करा आणि २५ चौकटी निवडा. अल्ट्रामध्ये प्रो व्हिडिओत शटर १/५० किंवा १/१०० वर बांधा. सगळ्या पट्ट्या जातीलच असं नाही, स्वस्त एलईडी माळा आपल्याच लयीत लुकलुकतात, पण रस्त्यावरचे आणि मंचावरचे दिवे शांत होतात.

कागदपत्रांचे फोटो काढताना मोठ्या सेन्सरमुळे दोन्ही फोन कडेची अक्षरं पुसट करतात. कागदाजवळ जाण्याऐवजी एक फूट मागे व्हा आणि २ पट निवडा. आणि एमपी ऑनलाइन या सरकारी सेवांच्या पोर्टलवर किंवा परीक्षेच्या अर्जात फोटो चढवायचा असेल तर आयफोनचा मूळ एचईआयसी प्रकार तिथे नाकारला जातो. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केलं की जेपीजी मिळतो. अल्ट्रा मुळातच जेपीजी काढतो.

रंगपंचमीची गेर

राजवाड्याच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, पाण्याचे फवारे आणि गुलालाच्या तोफा असतात. धूळ आणि पाण्यापासून बचावाच्या श्रेणीत दोन्ही फोन आयपी६८ आहेत. आयफोनचा दावा ६ मीटर, अल्ट्राचा १.५ मीटर, दोन्ही ३० मिनिटं. हे आकडे स्थिर, स्वच्छ पाण्याचे आहेत. टँकरमधून जोरात येणारा रंगीत फवारा त्यात मोडत नाही, आणि पाणी आत गेल्याचं निघालं तर वॉरंटी लागू होत नाही. झिपच्या प्लास्टिक पिशवीतूनच चित्रीकरण करा. भिजलाच तर पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना जाईपर्यंत तार लावू नका, तांदळात पुरू नका. कोरडा गुलाल मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचा ओलावा गुलालाचा लगदा करून जाळीत बसवतो.

कॉल आणि मराठी

सियागंजाच्या घाऊक बाजारात किंवा कापड मार्केटात जे तोंडी सौदे फोनवर करतात त्यांना कॉल रेकॉर्डिंग लागतं. अल्ट्राच्या फोन ॲपमध्ये ते आहे, प्रत्येक कॉलला आपोआप चालू ठेवता येतं. आयफोनमध्येही आता आहे, पण चालू करताच दोन्ही बाजूंना रेकॉर्डिंगची घोषणा ऐकू येते. समोरच्याला सांगून रेकॉर्ड करणं हेच योग्य. पण दिवसाला पन्नास कॉल करणाऱ्या व्यापाऱ्याला प्रत्येक वेळी ती घोषणा अडचणीची होते.

मराठी लिहिताना इथल्या फोनांचा कीबोर्ड बहुधा हिंदीवर असतो आणि ‘मिळालं’, ‘कळलं’ असले शब्द सुचवतच नाही. दोन्हीकडे मराठी वेगळी जोडावी लागते. अल्ट्रावर गुगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये रोमन अक्षरांतून मराठी निवडा. आयफोनवर आयओएस १८ पासून ॲपलच्या स्वतःच्या कीबोर्डमध्येही ही सोय आहे, शिवाय लॉक स्क्रीनचं घड्याळ देवनागरी आकड्यांत ठेवता येतं, आणि ते फार देखणं दिसतं. दोन्ही फोनांचा मेनू मराठीत करता येतो. घरच्या आजीआजोबांना फोन पुढे द्यायचा असेल तर याचा मोठा उपयोग होतो.

चार्जर आणि पुढची वर्षं

दोन्ही खोक्यांत चार्जर नाही. घरातला वनप्लस किंवा रिअलमीचा ८० वॉटचा चार्जर लावून वेग मिळेल असं समजू नका, त्यांची पद्धत वेगळी असल्याने तो या फोनांना बहुधा हळूच भरतो. अल्ट्राला ४५ वॉट, पीपीएस (गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलण्याची पद्धत) लिहिलेला ॲडाप्टर आणि ५ अँपिअरची तार हवी. ३ अँपिअरची तार असेल तर स्क्रीनवर ‘सुपर फास्ट चार्जिंग’पुढे ‘२.०’ येत नाही, तीच खूण. आयफोनला २० मिनिटांत निम्म्यापर्यंत न्यायला ४० वॉटचा ॲडाप्टर लागतो. उन्हाळ्यात दोन्हीकडे बॅटरीची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधली तर वर्षानंतर फरक दिसतो.

सॅमसंगने अल्ट्राला ७ वर्षं अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा अपडेट कबूल केले आहेत. ॲपल भारतात असा आकडा मिरवत नाही, पण २०१८ च्या आयफोन एक्सआरला २०२४ चं आयओएस १८ मिळालं होतं. इथे कोणी मागे नाही. क्लाउडवर मात्र ॲपल फुकट ५ जीबी देतं, गुगल १५.

बिल घेताना

दुकानात *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून तो आकडा १४४२२ वर एसएमएस केला की फोनची माहिती येते. आयफोनचा अनुक्रमांक खोका उघडण्याआधी ॲपलच्या वॉरंटीच्या पानावर टाका. वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसली तर तो फोन कोणीतरी चालू केलेला आहे, घेऊ नका. मॉडेल क्रमांकात एचएन/ए असेल तर तो भारतासाठीचा. बिनव्याजी हप्त्यांत व्याजाइतकी सूट आधीच दिलेली असते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं प्रक्रिया शुल्क आपल्याच कार्डावर येतं. दुकानदाराकडून या दोन रकमा बिलावर लिहून घ्या आणि मगच एकरकमी भावाशी तुलना करा.